बाबांचा काहून

आमच्या घरात बाबांच्या तोंडी सगळ्यात जास्त असलेला शब्द कोणता, असं कोणी मला कोर्टात शपथेवर विचारलं, तर मी डोळे मिटून सांगेन: काहून. काहून म्हणजे का, एवढंच. पण पुण्याकडच्या माणसाला तो ऐकला की भांडण सुरू झालंसं वाटतं. माझी पुण्याची एक मैत्रीण पहिल्यांदा अकोल्याला घरी आली होती. तिनं चहा नको म्हटलं. बाबांनी विचारलं, "काहून?" ती इतकी दचकली की तिनं दोन कप चहा प्यायला.

बाबा आधी अकोटला आणि नंतर अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवायचे. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी असायची, पण प्रश्न आला की वऱ्हाडी बाहेर पडायची. "पानी उकळते हे मलेबी मालूम हाये. काहून उकळते ते सांग." घरीही तोच वर्ग. सहलीला जायचंय? काहून? नवीन सायकल पाहिजे? काहून? कारण पटलं की ते "पास" म्हणायचे. नाही पटलं तर "नापास. उद्या पुन्हा ये." मी आता अमरावतीला वकिली करते आणि लोक म्हणतात, ही बाई उलटतपासणीत साक्षीदाराला सोडत नाही. सोडेन कशी? मला घरात कोणी सोडलं होतं?

धर्माच्या बाबतीत तर बाबांचा काहून जास्तच धारदार व्हायचा. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा घरातला देव्हारा रिकामा केला आणि त्या कोनाड्यात बाबांची शाळेची पुस्तकं ठेवली. बाबा ही गोष्ट फार अभिमानानं सांगायचे. "माह्या बापानं देव काढून पुस्तकं ठेवली. आता तिथं मेणबत्ती लावतो कोनी म्हनलं, त मी काहून इचारनारच." बौद्ध असल्याचा त्यांना पक्का अभिमान होता, जयंतीला पांढरा शर्ट घालून ते सगळ्यांच्या पुढे असायचे. पण रोजची वंदना, उदबत्ती, पालीतलं पाठांतर, हे त्यांना पटायचं नाही. अर्थ न समजता म्हणायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

आईला मात्र विहारात गेल्याशिवाय रविवार झाला असं वाटत नसे. ती पांढरी साडी नेसून तयार झाली की बाबा स्कूटर काढायचे. पुढे मी उभी, मागे आई. विहाराच्या दारात आई उतरायची आणि आम्ही दोघं समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचो. बाबांना चहा, मला आलुबोंडा. विहाराच्या भोंग्यातून वंदना ऐकू यायची, बाबा पेपर तोंडासमोर धरायचे आणि मी आलुबोंड्यावरच्या तिखट तर्रीत बोट बुडवून चाखायचे. आई आत आणि आम्ही बाहेर, अशी आमच्या घराची सरळ वाटणी होती. त्यात मी कोणाच्या बाजूची आहे, हे सांगायची गरजच नव्हती.

निवृत्त झाल्यावर बाबांना वर्ग राहिला नाही, म्हणून त्यांनी सगळ्या जगालाच वर्ग केलं. जो भेटेल त्याला विचारायचे, तुम्ही धर्माला काहून लागले? आमच्या शेजारी संस्कृतचे एक निवृत्त मास्तर राहतात. घराण्यात भिक्षुकी, रोज सकाळी तासभर पूजा. त्यांचं आणि बाबांचं संध्याकाळी फाटकाशी उभं राहून भांडण चालायचं आणि दोघांचीही भूक त्यानं वाढायची. या काकांनी एकदा खरं सांगून टाकलं. "सर, घरात माझं कोनी ऐकत नाही. देवापुढे बसलो म्हंजे निदान मधात कोनी बोलत त नाही." बाबांनी त्यांना तिथल्या तिथे पास केलं. शाळेतले एक जुने सहकारी म्हणाले, सगळेच जातात म्हणून आपणही जातो. ते नापास झाले, आणि वर त्यांना चहाही अर्धाच मिळाला. अमरावतीची माझी आत्या उन्हाळाभर प्रवचनाला जायची. तिला विचारलं तर म्हणाली, "दादा, तिथला कूलर पाह्यला काय तू? माह्या घरी असा असता त मी कायले गेली असती!" बाबा इतके खूश झाले की वर्षभर ते उत्तर सगळ्यांना ऐकवत होते.

आईला त्यांनी फार उशिरा विचारलं. मी त्या दिवशी तिथेच होते. आई शेंगा फोडत बसली होती.

"तू इतकी वर्षं विहारात जाऊन राहिली. काहून जाते?"

आईनं मान वर केली नाही. "तिथं मले कोनी काहून इचारत नाही, म्हनून."

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पास."

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी बाबांनी चहा मागायला तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. उजवा हात जरा लुळा पडला, तो पुढे सुधारला. पण बोलणं गेलं. मी अमरावतीहून निघाले ती दवाखान्यात पोचेपर्यंत मूर्तिजापूर कधी आलं आणि कधी गेलं ते मला कळलं नाही. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. त्यांना सगळं कळतंय, विचारही शाबूत आहेत, फक्त शब्द ओठांपर्यंत येत नाहीत. काही परत येतील, काही कदाचित नाही. किती आणि कोणते, ते आत्ता सांगता यायचं नाही.

मी खाटेशी उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, कपाळाची शीर फुगली आणि शेवटी त्यांनी हात झटकून तोंड भिंतीकडे फिरवलं. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन खूप रडले. मला बाबांचं भाषण नको होतं, उपदेश नको होता. तो एक शब्द तेवढा परत पाहिजे होता. तो असेल तर बाबा आहेत, नाही तर नुसतं बाबांसारखं दिसणारं कोणीतरी खुर्चीत बसलेलं आहे, असं मला वाटत होतं.

घरी आल्यावर बोलणं शिकवायला एक ताई यायला लागली. गोड मुलगी होती. चित्रांची कार्डं दाखवायची. "सर, हे काय आहे? आं... आंबा." ज्या माणसानं पिढ्यान्‌ पिढ्या पोरांना प्रकाशाचं परावर्तन शिकवलं, त्याला कोणी आंबा शिकवत होतं. दोन आठवडे बाबांनी सहन केलं आणि एके दिवशी आंबा, केळं, छत्री, सगळी कार्डं कूलरच्या टाकीत टाकून दिली. हिवाळा असल्यामुळे टाकी कोरडी होती म्हणून बरं झालं.

आणि मग आईचा फोन आला. मी कोर्टाच्या आवारात पक्षकाराला समजावत होते.

"हे बोलले!"

"काय? काय बोलले?"

"पंचशील."

मला वाटलं आईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण झालं होतं ते असं. बाबांना सोडून विहारात जाता येत नव्हतं, म्हणून त्या संध्याकाळी आई पहिल्यांदाच घरी लहानशा बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणत होती. बाबा मागे खुर्चीत बसले होते. तिनं सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला मागून खणखणीत आवाज आला. आईला वाटलं रेडिओ लागला. वळून पाहते तो बाबा. तिची वाचा बसली, आणि ते मात्र थांबले नाहीत. त्रिशरण झालं, पंचशील झालं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, आणि शेवटी सगळे म्हणतात तसं "साधु, साधु, साधु" म्हणून त्यांनी हात जोडले. मग आईनं रडत रडत विचारलं, "पानी देऊ काय?" बाबांनी तोंड उघडलं. पुन्हा काही नाही. पुष्कळ धडपडल्यावर एक शब्द निघाला. "साधु."

ताई म्हणाली, असं होतं. पाठ असलेलं बोलणं कधीकधी वेगळ्या वाटेनं बाहेर येतं. म्हणत राहू द्या, त्या वाटेनं एखादा आपला शब्दही येईल. पण माझा प्रश्न वेगळाच होता. बाबांना पंचशील इतकं पाठ कसं? विहारात तर ते वर्षातून दोनदा जायचे. आई म्हणाली, "अवं, टपरीवर बसून तुमी दोघं काय करत होते?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आलुबोंडा खात होते. आणि बाबा पेपर तोंडासमोर धरून दर रविवारी भोंगा ऐकत होते. त्यांचं पान फारसं उलटत नसे, हे मला आत्ता आठवतं.

त्यानंतर घरात जी धमाल सुरू झाली ती विचारू नका. बाबांकडे एकच शब्द आणि जग तर सगळं चालवायचं होतं. चहा पाहिजे, साधु. टीव्हीचा आवाज लहान करा, साधु. भाजी खारट झाली, तर एक लांबलचक साधु, भुवया चढवून. आईला पंधरा दिवसांत सगळे साधु ओळखता यायला लागले. बाहेरच्यांना मात्र ते कळायचे नाहीत. भाजीवालीनं मेथीची जुडी पुढे केली, बाबांनी ती शिळी आहे अशा अर्थानं "साधु, साधु" म्हणत मान हलवली. तिनं डोक्यावरून पदर घेतला, बाबांच्या पाया पडली आणि पिशवीत मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, फुकट टाकला. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अवं बाई, हे तुले शिव्या देऊन राहिले!"

मग बाबा रोज संध्याकाळी विहारात जायला लागले. टपरीवर नाही, आत. पांढरा शर्ट घालून, आईच्या पुढे पुढे. आणि कॉलनीला विषय मिळाला. सर धर्माला लागले. म्हातारपणी सगळेच लागतात. जन्मभर काहून काहून केलं आणि एका झटक्यानं सरळ झाले. हे शेवटचं ज्यांनी म्हटलं त्यांच्याशी मी फाटकावर उभी राहून भांडले. भांडणात मी जिंकले, पण घरात आल्यावर मलाही तेच वाटत होतं. माझ्या बाजूचा माणूस फुटून पलीकडे गेला, असं वाटून मला राग यायचा.

चुकल्यासारखं मला एकटीलाच वाटत नव्हतं. शेजारचे काका रोज यायचे, फाटकाऐवजी आता खुर्चीत बसायचे. देवाच्या अस्तित्वाचे सगळे पुरावे मांडायचे. बाबा ऐकायचे, तुच्छतेनं हसायचे, पण उत्तर कुठून देणार? एकदा काका उठता उठता मला म्हणाले, "आज आठव्यांदा मीच जिंकलो. लय बेकार वाटून राहिलं."

मी युक्त्या करायला लागले. अमरावतीहून आले की मुद्दाम काहीतरी भयंकर बोलायचे. बाबा, मी सोमवारचे उपास धरले. बाबा, मी घराचं दार वास्तूप्रमाणे फिरवून घेते. बाबा, एका बुवांनी मला अंगठी दिली. त्यांचे डोळे मोठे व्हायचे, ओठ गोल व्हायचे, क पर्यंत यायचे. मी श्वास रोखून बसायचे. आणि यायचा तो "साधु!" तोही इतका संतापलेला, की आई आतून म्हणायची, "पोरी, कायले त्यायचा जीव घेऊन राहिली?"

शेवटी एका संध्याकाळी मी त्यांच्याच शस्त्रानं त्यांना गाठलं. ते विहारात निघायला शर्टाची बटणं लावत होते. मी दारात उभी राहिले आणि विचारलं, "बाबा, तुमी काहून जाता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. माझा हात धरला, आपल्या गळ्यावर ठेवला आणि वंदनेच्या पहिल्या ओळी हळू आवाजात म्हणायला लागले. माझ्या बोटांखाली त्यांचा गळा थरथरत होता. शब्दामागून शब्द येत होता, कुठे अडत नव्हता, कुठे शीर फुगत नव्हती. घरात सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत बसायचे, आता काय निघतं म्हणून. विहारात कोणी पाहत नव्हतं. तिथे सगळे एकदमच बोलत होते आणि त्यात बाबाही बोलत होते. दिवसातला तेवढाच वेळ ते मुके नव्हते. एवढी सोपी गोष्ट मला कळायला इतके दिवस लागले, याची मला लाज वाटली आणि बाबांवर फार माया आली. "पास," मी म्हटलं. ते हसले.

वैशाखात बुद्ध पौर्णिमेला मी अकोल्याला आले. अकोल्यातला वैशाख म्हणजे संध्याकाळी सातलाही भिंतीला हात लावू नये. आईनं खिरीचं मोठं पातेलं विहारात पाठवलं होतं. मी गाडी लावून सवयीनं टपरीकडे वळले. आलुबोंड्याची कढई चढलेली होती. तेवढ्यात भोंग्यातून बाबांचा आवाज आला. सरांचे उच्चार स्वच्छ म्हणून आता वंदना तेच सांगतात, हे आईनं मला मुद्दाम सांगितलं नव्हतं. मी आलुबोंडा न घेता चप्पल काढून आत गेले.

दोन मोठे कूलर घरघरत होते. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, शेजारचे काकाही मागच्या रांगेत खिरीच्या निमित्तानं येऊन बसलेले. समोर बाबा. मी आईशेजारी बसले आणि म्हणायला लागले, पण मला कुठे येत होतं? माझे रविवार तर्रीत गेले होते. बाबा एक ओळ म्हणायचे, सगळे मागून म्हणायचे, आणि सगळ्यांचं संपल्यावर माझं एकटीचं शेपूट ऐकू यायचं. बाबांनी मान वळवली. मला पाहिलं. आणि पुढची ओळ त्यांनी तोडून तोडून सांगितली, फळ्यावर लिहून देतात तशी, माझं पूर्ण होईपर्यंत थांबून. शंभर माणसं माझ्यासाठी खोळंबली होती. वर्गात मागे पडणाऱ्या पोरासाठी ते असेच थांबायचे. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. शेवट आला तेव्हा मी दोन्ही हात जोडले आणि सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात म्हटलं, "साधु, साधु, साधु!"

बाबा उठून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. उपासाची, वास्तूची, अंगठीची, सगळी खोटी प्रकरणं त्यांना आठवत असावीत. एक भुवई वर गेली. ओठ गोल झाले, थांबले, पुन्हा गोल झाले.

"का... हून?"

कूलरच्या घरघरीत तो कोणाला ऐकू गेला, कोणाला नाही. मला गेला. मी हसत होते की रडत होते, माझं मला सांगता येणार नाही. मागच्या रांगेतून काका ओरडले, "सर! आता या उद्या फाटकावर!" बाबांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ते माझ्याकडे पाहत उत्तराची वाट बघत होते.

आईनं मात्र कपाळावर हात मारला. "झालं! इथंबी सुरू झाले. एकच त जागा होती माह्यी, तेबी गेली."

असं म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले आणि सगळ्यात पहिली खिरीची वाटी बाबांच्या हातात दिली.